पगारवाढ दिली, तरी चेहरे उतरलेलेच : वाढत्या कंपनीबद्दल वाचकांचे प्रश्न

कंपनी पन्नास माणसांची असते तोवर मालकच रजा मंजूर करतो, उचल देतो, चुकलं तर झापतो आणि चांगल्या कामाला शाबासकीही देतो. दीडशे-दोनशे माणसं झाली की ही कामं मालकाच्या हातून सुटतात, पण दुसऱ्या कुणाच्या हातात पडत नाहीत. या वेळची बहुतेक पत्रं या मधल्या पोकळीबद्दलच आहेत.

प्रश्न : चाकणजवळ आमचा प्रेस पार्ट्सचा कारखाना आहे. तीन वर्षांत ६० माणसांवरून २१० वर गेलो. ऑर्डरी भरपूर, पगार वेळेवर. तरी जुनी माणसं कामापुरतं काम करतात. दिवाळीनंतर सरसकट ८ टक्के वाढ दिली, तर नाराजी उलट वाढली. चुकतंय कुठे?

बहुधा त्या ८ टक्क्यांतच. कारखाना झपाट्याने वाढतो तेव्हा नवी माणसं बाजारभावाने घ्यावी लागतात. जुनी मात्र दर वर्षी थोडं थोडं चढत आलेली असतात. समजा, सात वर्षं जुना ऑपरेटर २२,००० वर आहे आणि दोन महिन्यांपूर्वी आलेला २६,००० वर. ८ टक्क्यांनी जुन्याला १,७६० मिळाले आणि नव्याला २,०८०. आधी ४,००० चा फरक होता, तो आता ४,३२० झाला. शिवाय त्या नव्याला मशीन शिकवायचं काम जुन्याकडेच. पगार गुप्त असतात हा समज फक्त ऑफिसातला. खाली शॉपवर पगाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक झालेलं असतं.

आता एक तक्ता करा. त्यात काम, कौशल्याची पातळी, नोकरीची वर्षं आणि एकूण पगार एवढेच रकाने ठेवा, नाव सुरुवातीला लिहूच नका. पातळ्या चार पुरतात : शिकाऊ, देखरेखीखाली मशीन चालवणारा, स्वतंत्र चालवून डाय सेटिंग (साचा बसवणं) करणारा, आणि दुसऱ्याला शिकवू शकणारा. वाहन उद्योगाला माल देत असाल तर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, ऑडिटसाठी भिंतीवर लावलेलं असणारच. त्याचा पगाराशी काडीचा संबंध नसतो, ही वेगळी गोष्ट. तो संबंध जोडा. प्रत्येक पातळीला किमान आणि कमाल पगार ठरवा, आणि किमानाच्या खाली कोण राहतं ते पाहा. त्यांना टक्क्यांत वाढ देऊ नका, ठरावीक रक्कम द्या. एकदम झेपत नसेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन हप्ते करा, पण दोन्ही तारखा पत्रात लिहून द्या. अशी ३० माणसं असतील आणि सरासरी ३,००० ची भर पडत असेल, तर महिन्याला ९०,००० होतात. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी धरून ढोबळ सव्वापट, म्हणजे १,१२,५०० ची तरतूद ठेवा.

हा आकडा बघून पुष्कळ मालक वेगळी वाट धरतात : जो राजीनामा टेबलावर ठेवेल त्याचाच पगार वाढवायचा. त्या वाटेला जाऊ नका. पगारवाढीचा अर्ज म्हणजे राजीनामा, हा धडा कारखाना एका महिन्यात शिकतो.

आता अशी एक गोष्ट, जी पगारवाढीच्या बैठकीत कुणाच्या लक्षात येत नाही. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वेतनमर्यादा २१,००० आहे. एखाद्याचा पगार २०,५०० वरून २१,५०० केलात, की चालू सहामाही अंशदान कालावधी संपल्यावर, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चनंतर, तो ईएसआयबाहेर जातो. त्याची ०.७५ टक्के कपात वाचते, साधारण दीडशे रुपये. पण पुढे काही महिन्यांत बायको-मुलांचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचारही बंद होतात. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील अनेकदा नसतातच. त्यामुळे वडिलांच्या डायलिसिसचा खर्च ज्याच्या डोक्यावर आला, त्याला तुमचे हजार रुपये शिक्षाच वाटणार. कायदेशीर बोनसचीही मर्यादा २१,००० आहे. तिच्यासाठी मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात. ती ओलांडली की बोनसचा हक्क जातो. बोनस मोजतात तो ७,००० किंवा किमान वेतन यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर. किमान वेतन १३,००० धरलं तर ८.३३ टक्क्यांनी वर्षाला जवळपास १३,००० होतात. महिना हजाराची वाढ म्हणजे वर्षाला १२,०००. म्हणजे वाढ मिळूनही माणूस तोट्यात!

म्हणून या सीमेजवळच्या माणसांची यादी वेगळी काढा. एक तर त्यांना सीमेच्या बरंच पुढे न्या, किंवा ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील घालून बोनसइतकी रक्कम कंपनीतर्फे चालू ठेवा. या मर्यादा सरकार अधिसूचनेने बदलू शकतं, तेव्हा पत्रं छापण्याआधी सल्लागाराकडून त्या दिवशीचे आकडे तपासून घ्या.

प्रश्न : सर्वांत हुशार सीएनसी सेटरला (संगणकावर चालणारी मशीन लावून देणाऱ्याला) सुपरवायझर केलं. सहा महिन्यांत त्याच्या लाइनवरची चार माणसं गेली आणि तो स्वतःही “मला परत मशीनवर पाठवा” म्हणतोय. माणूस चुकीचा निवडला का? (एचआर, सातपूर)

आधी त्याची पगारपावती बघा. सेटर असताना २२,००० पगार आणि महिन्याला २४ तास ओव्हरटाइम असेल, तर २२,००० भागिले २६, भागिले ८, म्हणजे तासाला सुमारे १०६ रुपये. ओव्हरटाइमचा दर दुप्पट. २४ तासांचे झाले ५,०७७. सुपरवायझर झाल्यावर ओव्हरटाइम बंद झाला आणि वाढ मिळाली ३,५०० ची. थांबायचं आधीपेक्षा उशिरापर्यंत, आणि घरी दीड हजार कमी. अशी बढती मनापासून कोण मिरवेल? बढतीचं पत्र देण्याआधी मागच्या सहा महिन्यांची ओव्हरटाइमसकट सरासरी काढा आणि नवा पगार तिच्या वर ठेवा.

दुसरं कारण कामाचं. मशीन बिघडलं की तो अजूनही स्वतःच पाना हातात घेतो, कारण तेच त्याला येतं. तोवर बाकीची माणसं वाट बघत उभी. पहिले दोन महिने त्याला १२ ते १५ पेक्षा जास्त माणसं देऊ नका आणि त्याच्या जागी दुसरा सेटर आधी तयार करा. रजा कोण मंजूर करणार, किती दिवसांची, शिफ्ट कोण बदलणार, माल रिजेक्ट झाला तर लाइन थांबवायचा अधिकार कुणाचा, हे एका कागदावर लिहून त्याला आणि लाइनला एकाच वेळी वाचून दाखवा. हा कागद नसेल तर कामगार रजेसाठी थेट प्लांट हेडकडे जातो, तिथे ती मिळते, आणि सुपरवायझरची किंमत त्याच दिवशी संपते.

शिफ्टच्या सुरुवातीला पाच-सात मिनिटं उभ्याने बोलायची सवय लावा : आजचं टार्गेट, कालचं रिजेक्शन, कोण गैरहजर, कुणाला काय अडचण. कालच्या अडचणीचं काय झालं हेही आज सांगायचं. एवढं राहून गेलं, तर तिसऱ्या दिवसापासून कुणी तोंड उघडत नाही.

आणि तो परत मशीनवर जायचं म्हणतोय, तर मानाने जाऊ द्या. ‘मास्टर सेटर’ अशी पगाराची वरची पातळी ठेवली, तर त्यात कमीपणा राहत नाही.

प्रश्न : मनोबल वाढावं म्हणून आम्ही दर महिन्याला वाढदिवसाचा केक, झुंबा आणि ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ सुरू केलं. प्रतिसाद थंड आहे.

केक ठेवा, त्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. झुंबा शिफ्ट संपल्यावर असेल तर बंद करा. माणसांचं लक्ष बसच्या वेळेकडे असतं. सर्वोत्तम कर्मचारी निवडायचे निकष जाहीर नसतील, तर एक जण खूश आणि बाकीचे सगळे नाराज, असा हा व्यवहार आहे. त्यापेक्षा कॅन्टीनचं जेवण, स्वच्छतागृहं आणि दुसऱ्या शिफ्टची बस याच महिन्यात सुधारा. सुपरवायझरने नाव घेऊन, नेमकं काय चांगलं केलं ते सांगून दिलेली शाबासकी फुकट असते आणि जास्त दिवस टिकते.

प्रश्न : बाणेरमध्ये आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे, ३५ वरून १४० जण झालो. निनावी सर्वेक्षण केलं, सरासरी ५ पैकी ३.८ आली. पुढच्याच महिन्यात नऊ राजीनामे! लोक खोटं बोलले का?

लोक सावधपणे बोलले. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायची सेटिंग चालू होती का ते बघा. ‘एका व्यक्तीला एकच उत्तर’ हा पर्याय निवडला की लॉगिन करावं लागतं. पत्ता तुम्हाला दिसत नसला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. त्यातून विभाग, अनुभवाची वर्षं आणि स्त्री-पुरुष हे तिन्ही विचारलं असेल, तर टेस्टिंग विभाग, पाच वर्षांच्या पुढे, स्त्री, म्हणजे कोण हे सगळ्या ऑफिसला कळतं. यांतलं एकच विचारा, आणि आठपेक्षा कमी लोकांच्या गटाचे आकडे कुणालाच दाखवणार नाही असं फॉर्मवरच लिहा.

सरासरीवरही भिस्त नको. निम्म्यांनी ५ दिले आणि निम्म्यांनी २, तरी ३.५ येतात. १ आणि २ देणारे किती, तेवढंच मोजा. प्रश्न सहाच ठेवा आणि ते नेमक्या गोष्टींबद्दल असू द्या, उदाहरणार्थ : ‘या आठवड्यात माझं काम नेमकं काय हे मला स्पष्ट होतं’, ‘गेल्या महिन्यात मॅनेजरशी अर्धा तास एकट्याने बोलणं झालं’, ‘अडलं तर कुणाला विचारायचं ते ठाऊक आहे’, ‘सहा महिन्यांनी मी इथेच असेन’. ‘तुम्ही आनंदी आहात का’ हा प्रश्न घरातही जपूनच विचारावा असा आहे.

निकाल दहा कामाच्या दिवसांत सगळ्यांना दाखवा, वाईट आकड्यांसकट. त्यांतल्या दोनच गोष्टी हाती घ्या, तारीख सांगा. बाकीच्या का घेत नाही हेही सांगा. चार महिन्यांच्या आत पुन्हा सर्वेक्षण करू नका. विचारायचं आणि काहीच करायचं नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं.

“माझं दार सगळ्यांना उघडं आहे,” असं संस्थापक अजूनही म्हणत असतील, तर हिशेब करा : १४० जणांना अर्धा अर्धा तास म्हणजे ७० तास, जवळपास नऊ पूर्ण दिवस. दार उघडं असलं तरी आत वेळ नाही. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास मॅनेजरने प्रत्येकाला द्यावा, आणि एका मॅनेजरकडे आठापेक्षा जास्त माणसं नसावीत.

प्रश्न : मी एका वाढत्या कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. सोडून गेलेल्यांचे हिशेब चार-चार महिने अडकतात. ते जुन्या मित्रांना फोन करतात आणि इथले लोकही धास्तावतात. साहेबांना कसं समजावू?

कायद्यापासून सुरुवात करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो, बडतर्फी असो की नोकरकपात, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आणि नोकरी ७ वर्षं असेल, तर १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७, म्हणजे ७२,६९२ रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते.

हिशेब अडकतो तो बहुतेक ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे कुठल्याच विभागाचं येणं बाकी नाही अशा सह्यांच्या कागदावर. हा कागद शेवटच्या दिवशी फिरवायला घेतला की आयटीवाले रजेवर आणि स्टोअरवाले दौऱ्यावर असतात. राजीनामा स्वीकारला त्याच आठवड्यात तो फिरवायला सुरुवात करा; शेवटच्या दिवशी फक्त लॅपटॉप आणि ओळखपत्र उरलं पाहिजे. रजेचे शिल्लक दिवस आणि उचल यांचा आकडा माणसाला आठवडाभर आधी दाखवून त्याची सही घ्या, म्हणजे वाद आधीच मिटतो.

ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरायला विसरू नका. ती नसेल तर पीएफ पूर्ण काढता येत नाही, नव्या खात्यात नेताना अडतो. कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपी वापरून माणूस स्वतःही ती भरू शकतो. हे तुमच्या जुन्या मित्रांना आजच कळवा.

प्रश्न : वाळूजच्या आमच्या युनिटमध्ये सूचना पेटी आहे. वर्षभरात तिच्यातून दोन चिठ्ठ्या आणि एक गुटख्याची पुडी निघाली. तक्रारी नाहीत असं समजायचं का?

पेटी बहुधा कॅमेऱ्याखाली किंवा एचआरच्या दाराशी असेल. ती कॅन्टीनजवळ हलवा, पण तेवढ्यावर थांबू नका. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते : जास्तीत जास्त दहा सदस्य, मालक आणि कामगार यांचे निम्मे निम्मे, स्त्रिया कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणात, अध्यक्षपद आळीपाळीने. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत निकाल. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १० माणसांपासूनच वेगळी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. हा विषय तक्रार निवारण समितीकडे ढकलू नका.

समितीवर कामगारांनी निवडलेली माणसं घ्या, प्लांट हेडने सुचवलेली नकोत. महिन्याचा एक वार ठरवा, बैठक शिफ्टच्या वेळेत घ्या आणि तिचा ओव्हरटाइम किंवा उत्पादनाचं नुकसान कामगाराच्या नावावर लिहू नका. बैठकीनंतर तीन रकान्यांचा कागद कॅन्टीनच्या फळ्यावर लावा : तक्रार, जबाबदार माणूस, तारीख. पहिल्या महिन्यात पंखे, पाण्याचा कूलर, हातमोजे याच तक्रारी येतील. त्या तारखेआत सोडवल्या, तर सुपरवायझरच्या शिवीगाळीबद्दल आणि ओव्हरटाइमच्या चुकलेल्या तासांबद्दल साधारण तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी बोलेल.