पुरीमच्या चाळीस टोपल्या

इस्रायलमधल्या अश्दोदहून एका सुनेचं पत्र आलंय. पुरीम या आपल्या ज्यू सणाला सासूबाईंची मिश्लोआख मानोतची, म्हणजे घरोघर पाठवायच्या खाऊची, लिस्ट चाळीस घरांची, रेडिमेड टोपली साठ शेकेलला एक. नवरा म्हणतो हे सगळं बंद, पैसे गरिबांना देऊ, नाहीतरी दर महिन्याला मासेर म्हणून पगाराचा दहावा हिस्सा काढतोच, त्यातूनच भागवू. "ताई, दोघांच्या मधे माझं भरीत झालंय."

अगं, चोवीसशे शेकेल म्हणजे थोडे नाहीत गं! आणि नियम काय सांगतो, तर एका माणसाला खायचे दोन पदार्थ पाठवा, बास. चाळीस घरं आणि ते सेलोफेन, रिबिनी वगैरे आपणच वाढवलेलं, शेजारणीची टोपली मोठी होती म्हणून. गरिबांना द्यायचं ते वेगळं, किमान दोन गरजूंना. आणि आपल्या थोर धर्मपंडित रामबामने स्पष्टच लिहून ठेवलंय की मेजवानी आणि मानोतपेक्षा गरिबांना देण्यात हात सैल सोडलेला बरा, म्हणजे इथे तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे.

पण अर्धंच हं. मानोत पूर्ण बंद करता येत नाही, तीही मित्सवाच, म्हणजे धर्माची आज्ञाच आहे, माणसं जोडायची. "तुमच्या नावाने दान केलंय" असं कार्ड पाठवून ती होत नाही, खायलाच द्यावं लागतं. आणि त्या दोन गरजूंचं मासेरमधून नाही चालत, ते आपल्या खिशातून, वर जास्तीचं द्यायचं असेल तर मासेरमधून दे खुशाल. आणि एक विचारू का, एवढा दानशूर नवरा आईशी स्वतः का बोलत नाही? तुला का पुढे करतो? आईला त्यानेच सांगायचं, तू त्या खोलीत पण थांबू नकोस.

सासूबाईंकडून लिस्ट काढून घेऊ नकोस, त्यांच्याजवळ बसून वाच. माझी आजी ठाण्याला पुरीमला होळीचा सणच म्हणायची आणि त्या दिवशी पुरणपोळ्या व्हायच्या, तुमच्याकडेही होत असणारच. मग टोपली कशाला, दोन पोळ्या नि दोन संत्री साध्या पिशवीत घाला, झाले दोन पदार्थ, दहा-बारा घरांना पुरे, बाकीच्यांना फोन. आणि त्या लिस्टमधे एखादी एकटी विधवा, नोकरी गेलेला कुणी असतोच, ते सासूबाईंना बरोबर ठाऊक असतं, तुला नसेल. त्यांच्या पिशवीत पोळ्यांखाली पाकीट सरकवायचं, वरून बघणाऱ्याला शेजारधर्मच दिसतो, घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

बाकीचे पैसे सिनेगॉगच्या गब्बायकडे, म्हणजे कारभाऱ्याकडे, दोन दिवस आधी पोचव, पण बजावून सांग की वाटायचे पुरीमच्या दिवशीच, आधी नाही नि नंतर नाही.