वाचक विचारतात : सक्तीच्या भरतीतून शेतगडी कसा सुटे?

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शेतावरच्या गड्यांना लष्करभरतीतून सूट होती म्हणतात. मग सुनावण्या कशासाठी होत?

उत्तर : सरसकट सूट नव्हतीच. २ मार्च १९१६पासून १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष कायद्यानेच सैन्यात दाखल धरले गेले. मे महिन्यातल्या दुसऱ्या कायद्याने विवाहितही आले. सुटका हवी तर स्थानिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. तो गड्याने करावा किंवा त्याच्यासाठी मालकाने.

मेंढपाळ, नांगऱ्या, घोडे हाकणारा ही कामे राखीव यादीत, म्हणजे देशाला गरजेची म्हणून सूट मिळू शकणाऱ्या कामांच्या यादीत, होती. तेवढ्यावर भागत नसे. १५ ऑगस्ट १९१५ला राष्ट्रीय नोंदणी, म्हणजे कोण काय काम करतो याची देशभर नोंद, झाली. माणूस त्याआधीपासून तेच काम करत होता का, हे पाहिले जाई. नोंदणीनंतर अचानक मेंढपाळ झालेल्या शेतकरीपुत्राला सुनावणीत लष्कराची बाजू मांडणारा प्रतिनिधी सहजी सोडत नसे, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नव्हते. नुसता ‘शेतमजूर’ असे लिहिलेला अर्जही लंगडा पडे. नेमके काम काय, ते सांगावे लागे.

प्रश्न : एका शेतावर किती गडी ठेवायचे, हे कोण ठरवी?

उत्तर : युद्ध खाते आणि कृषी मंडळ यांनी प्रमाण घालून दिले होते. घोड्यांच्या प्रत्येक औतामागे एक गडी. बायका-मुलांची मदत मिळत असेल तर २० दुभत्या गायींमागे एक. गोठ्यातल्या ५० जनावरांमागे एक. कुंपणातल्या २०० मेंढ्यांमागे एक, डोंगरकुरणावर मात्र ८०० मेंढ्यांमागे एक. म्हणजे चार औते, ४० दुभत्या गायी आणि बंदिस्त रानात २०० मेंढ्या असतील तर हिशेब सात गड्यांचा. नऊ असतील तर दोघांवर बोट ठेवले जाई.

घोळ मोजणीतच होई. कोकरे या हिशेबात धरायची नसत, आटलेली गाय दुभती ठरत नसे. ‘देशाला धान्य हवे’ हे तर प्रत्येकच शेतकरी सांगे, त्याने कुणी हलत नसे. नांगराखाली किती एकर, धार कोण काढतो, आधीच किती गडी सैन्यात गेले, बदली माणूस शोधायला काय केले, याची उत्तरे तयार असलेल्याचे पारडे जड राही.

प्रश्न : एकदा सूट दिल्याचा दाखला मिळाला की काळजी मिटली?

उत्तर : बिनशर्त दाखला असेल तरच, आणि शेतगड्याला तो क्वचितच मिळे. मुदतीचा दाखला पुष्कळदा सुगी उरकेपर्यंतच असे. सशर्त दाखला त्या कामाला बांधलेला. काम सोडले की आधार गेला, आणि तसे कळवणे दाखलेवाल्याचीच जबाबदारी. शिवाय निकालावर लष्कराचा प्रतिनिधीही अपील करू शके. जून १९१७नंतर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) युद्ध कृषी समितीच्या संमतीशिवाय पूर्णवेळ शेतगड्याला नेता येत नसे, पण एप्रिल १९१८मध्ये जर्मन चढाईच्या धक्क्याने तरुणांचे दाखले रद्द होऊ लागले.

प्रश्न : हे अर्ज आज पाहता येतात का?

उत्तर : बहुतेक अर्ज १९२१मध्ये सरकारी सूचनेवरूनच नष्ट केले गेले. नमुना म्हणून लंडनलगतच्या मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधल्या लोथियन-पीबल्सचे अपील-दफ्तर राखले. मिडलसेक्सचे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, दुसरे एडिंबरात. इतर गावांसाठी त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे चाळावीत. सुनावण्यांचे वृत्तांत त्यांत छापून येत, कित्येकदा अर्जदाराचे नाव वगळून.