ईलपासून सुरुवात नको
इंग्लंडच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच जाताय ना? मग जेलीतल्या ईलला, म्हणजे वाम माशाला, हात लावू नका. थंडगार, बुळबुळीत, वर काटे. पहिल्याच घासाला माणूस पळ काढतो. (मला अजून जमलेलं नाही.)

आधी हे खा:

– ली-ऑन-सीचे कॉकल्स. आपल्या तिसऱ्यांचे लांबचे भाऊबंद. वर माल्ट व्हिनेगर आणि पांढरी मिरी, बस्स. व्हिनेगर बेतानं, नवखे त्यात बुडवूनच टाकतात.
– मोरकॅम्बे बेचे पॉटेड श्रिंप्स, म्हणजे जायपत्री घातलेल्या लोण्यातली तपकिरी करंदी. फ्रिजमधून काढून तशीच खाऊ नका, गरम टोस्टवर लोणी विरघळू द्या.

विंकल्स, म्हणजे छोट्या समुद्री गोगलगायी, टाचणीनं ओढून काढायचे, पण शंखाच्या तोंडावरची काळी चकती आधी फेका. मी चावली होती, अगदी नखासारखी! व्हेल्क्स, म्हणजे मोठ्या समुद्री गोगलगायी, चिवट, ते पुढच्या खेपेला.