पोपटासाठी प्रवासाचा पिंजरा

प्रश्न : पोपटाला गाडीतून डॉक्टरकडे न्यायचं आहे. मांजराची कापडी बॅग चालेल का?

उत्तर : नको. बॅगेची जाळी आणि चेन पोपट चोचीने सहज कुरतडतो. कडक प्लॅस्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली तार मात्र टाळा. ती चावून जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. शेपटी न दुमडता वळता येईल एवढी जागा पुरे. बसायची दांडी तळापासून ५-७ सेंटिमीटरवरच, स्क्रूने घट्ट बसवा. उंच दांडीवरून ब्रेक लागताच पक्षी आपटतो. झोके, घंटा काढून ठेवा. वरखाली सरकणारं दार तो चोचीने उचलतो, त्याला हुक लावा. पाण्याची वाटी हमखास सांडते; त्याऐवजी काकडीची फोड द्या. पिंजरा मागच्या सीटवर, बेल्टने बांधून.