ईएफ की व्हीएफ? नाण्यांच्या ग्रेडबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी जॉर्ज पाचव्याचा १९१६ चा चांदीचा रुपया ‘ईएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन) म्हणून घेतला, पैसेही तसेच मोजले. नंतर दुसऱ्या डीलरला दाखवला तर तो म्हणाला हा चांगला व्हीएफ (व्हेरी फाइन) आहे, ईएफ नाही. अमेरिकेतला माझा भाचा फोटो बघून म्हणतो एक्सएफ-४५ (एक्सएफ म्हणजे तिकडचं एक्स्ट्रीमली फाइन) सहज मिळेल. तिघांपैकी बरोबर कोण? आणि भाच्यासोबत नाणं तिकडे पाठवून स्लॅब (ग्रेडिंग कंपनीकडून ग्रेड लिहिलेल्या डबीत सील) करून घेतलं तर वाद मिटेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी शेवटचं सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाणं भाच्याच्या बॅगेत टाकू नका. १९७२ च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्टप्रमाणे शंभर वर्षं किंवा जास्त जुनं नाणं ही पुरावस्तू धरतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, तुमच्या १९१६ च्या रुपयाने ती शंभरी केव्हाच ओलांडली आहे. स्लॅबच्या हौसेपायी कस्टम्सच्या भानगडीत अडकू नका, नाणंही जाईल.

आता ग्रेडचं, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून ठरणाऱ्या दर्ज्याचं. तुमचा दुसरा डीलर आणि भाचा दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोघांची पट्टी वेगळी आहे. आपल्याकडचे जुने कलेक्टर ब्रिटिश पद्धतीवर वाढलेत, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड (यूएनसी, म्हणजे न वापरलेलं) अशी ती शिडी, आणि त्यात ईएफ म्हणजे नाणं जवळजवळ वापरलेलंच नाही, उंच भागावर भिंगातून बघितलं तर किंचित घासल्याची खूण दिसेल इतकंच. अमेरिकन पद्धतीत एक्सएफच्या वर एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड) नावाची अजून एक मोठी पायरी आहे, त्यामुळे तिकडचा एक्सएफ आपोआप खाली सरकतो. ढोबळमानाने ब्रिटिश ईएफ म्हणजे अमेरिकन एयू, आणि ब्रिटिश पद्धतीचा तगडा व्हीएफ म्हणजे अमेरिकन एक्सएफ. म्हणजे भाच्याचा एक्सएफ-४५ आणि दुसऱ्या डीलरचा चांगला व्हीएफ हे एकाच नाण्याचं एकच वर्णन आहे! पहिल्या डीलरने बहुतेक अमेरिकन पट्टीने ग्रेड लावली आणि भाव ब्रिटिश ईएफचा घेतला, मुद्दाम की नकळत ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण त्याला सरळ विचारा की तुझा ईएफ कुठल्या पद्धतीचा. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तो ४५ आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण आकडा दिसला की लोकांना वाटतं काहीतरी मशीनने मोजलंय. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० ही पट्टी काढली आणि ती मुळात भावाची पट्टी होती, म्हणजे कशीबशी ओळखू येणारी १ नंबरची सेंट एक डॉलरची असेल तर ७० नंबरची सत्तर डॉलरची. भावाचं ते गणित बाजारात फार टिकलं नाही, आकडे मात्र टिकले, सत्तरच्या दशकात तिथल्या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने ते सगळ्याच नाण्यांना लावले, मग १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या आल्या आणि नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सील करून आकडा छापून द्यायला लागल्या. पण आत बसून बघतात ती माणसंच. म्हणून तर तिकडे स्लॅब फोडून तेच नाणं परत पाठवणारे लोक आहेत, एखादा नंबर वाढून मिळेल या आशेवर, आणि कित्येकदा मिळतोही. शेवटी स्लॅबमधल्या अमेरिकन नाण्यांची ग्रेड पुन्हा तपासून हिरवा स्टिकर लावणारी सीएसी ही वेगळी कंपनी २००७ मध्ये निघाली. म्हणजे तपासणाऱ्याला तपासणारा. माझं स्पष्ट मत आहे की वापरातल्या नाण्यांसाठी ब्रिटिश पद्धतीचा कडकपणा जास्त प्रामाणिक आहे, एक्सएफ-४० आणि ४५ मधला फरक दोन अनुभवी माणसं एकाच दिवशी वेगळा सांगतील.

तुमचा रुपया तुम्ही स्वतः बघा. दहापट भिंग घ्या, खिडकीपाशी नाणं तिरकं धरून फिरवा. राजाच्या झग्यावर साखळीत छोटा हत्ती आहे, १९११ च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो म्हणून आरडाओरड झाली, नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दाखवली, तोच हत्ती. त्याची सोंड, पाय वेगळे दिसतायत का बघा, मग मुकुटाचे मणी, मिशी, कानावरचे केस. हत्ती नुसता गोळा झाला असेल तर ईएफ विसरा.

प्रश्न : आजीकडच्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर एकेक केस दिसतो, झीज नाहीच, तरी डीलर म्हणतो याला ग्रेडिंग कंपनी नंबर देणार नाही, ‘डिटेल्स’ लिहील. असं का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते चिंचेने किंवा पावडरीने घासले जात असणार, बरोबर ना? झीज आणि पृष्ठभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठसा मारताना चांदी मधून कडेकडे सरकते आणि तिच्यात बारीक रेघा उमटतात, नाणं फिरवलं की उजेडाचे पट्टे गोल फिरतात ते त्या रेघांमुळे. घासल्यावर त्या जातात आणि वेड्यावाकड्या ओरखड्यांची पांढरी चमक येते, घरच्यांना ती जास्त छान वाटते पण कलेक्टरला लांबूनच कळते. मग कंपनी ‘यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड’ असं लिहून, म्हणजे नक्षी शाबूत पण नाणं घासलेलं एवढंच सांगून, सोडून देते. हारासाठी कडी लावून काढलेली जागा, सराफाने पारखायला मारलेली खूण, यांचंही तेच. भाव बराच उतरतो, पण नाणी खरी आहेत, आजीची आहेत, ठेवा. फक्त कळकळीची विनंती की यापुढे घासू नका, काळपटपणा आला तर येऊ द्या, पूजेला हळदकुंकूसुद्धा नाण्याला न लावता शेजारी वाहा.

प्रश्न : टाकसाळीचा प्रूफ सेट घेतला. प्रूफ ही यूएनसीच्या वरची ग्रेड ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. प्रूफ ही बनवायची पद्धत आहे, पॉलिश केलेला साचा, निवडक चकती, एकापेक्षा जास्त दाब. प्रूफ नाणं खिशात फिरवलं तर तेही झिजतं आणि त्याची ग्रेड उतरते, राहतं मात्र प्रूफच. हाताळताना कडेलाच धरा, आरशासारख्या भागावर अंगठा उमटला की तो कायमचा.

प्रश्न : ऑनलाइन ‘एक्सएफ शिवराई’ महाग मिळतेय, घेऊ का? – एक वाचक, वाई

उत्तर : शिवराईला ही अक्षरं लावली की मला अस्वस्थ व्हायला होतं. मशीनच्या नाण्याची पट्टी हातोड्याने ठोकलेल्या तांब्याला कशी लावणार? साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं ‘श्री’ किंवा ‘शिव’ अर्धं बाहेरच राहतं, अजिबात न वापरलेल्या नाण्यावरसुद्धा. उलट पूर्ण मजकूर आलेली शिवराई भरपूर घासलेली असू शकते. एनजीसी जगभरच्या प्राचीन नाण्यांना झिजेच्या ग्रेडसोबत ठशाला पाचपैकी आणि पृष्ठभागाला पाचपैकी असे वेगळे गुण देते, ती विभागणी मला पटते आणि शिवराई बघताना तुम्हीही मनात तशीच करा. दोन्ही बाजूंचा मजकूर किती आलाय, मागे ‘छत्रपति’ची अक्षरं पूर्ण आहेत का, भोवतीच्या ठिपक्यांची कड दिसते का, तांब्यावर जुना एकसारखा रंग आहे की ॲसिडने धुतल्यासारखा गुलाबी. ही नाणी फार काळ चालली, पेशवाईत आणि त्यानंतरही, त्यामुळे नंतरच्या दुदांडी (मजकुरात दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवरायाही खूप मिळतात आणि त्या शिवकाळातल्या म्हणून विकल्या जातात, तेव्हा झिजेच्या आधी नाणं कुठल्या काळातलं ते ठरवा. विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचे उन्हातले फोटो, वजन आणि परत घेण्याची लेखी कबुली मागा. तो नुसतंच ‘एक्सएफ आहे’ म्हणत राहिला तर घेऊ नका.