18 किलो उतरवले, आता टिकवायचे कुणासाठी?

ताई, मी 44 वर्षांची, सांगलीला असते. तीन वर्षांपूर्वी माझं वजन 82 किलो होतं. दीक्षित डाएट, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवणं, आणि रोजचं चालणं, असं करून वर्षभरात 64 वर आणलं. तेव्हा सगळी गल्ली विचारायची, काय केलंस, काय केलंस. आता दोन वर्षं होऊन गेली, कुणी विचारत नाही आणि माझाही हुरूप गेलाय. गणपतीपासून वजन वाढतंय, काल काटा साडेसदुसष्टवर होता. परवा एका वाढदिवसाला मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "परत भरलीस गं!" त्या रात्री सगळे झोपल्यावर मी अंधारात उभ्या उभ्या अर्धा डबा चिवडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर राहिले. हल्ली हे बरेचदा होतं. ह्यांना कळू दिलेलं नाही. इतकं करून सगळं परत येणार असेल तर कशाला करायचं? आणि हे असं जन्मभर?
— एक वाचक

हो गं, जन्मभर. हे सुरुवातीलाच सांगते, कारण वजन उतरवण्याच्या उत्साहात हे कुणी सांगत नाही. पण ज्या हुरुपावर तू 18 किलो उतरवलेस, त्या हुरुपावर टिकवायचं काम चालत नाही. तो परत येण्याची वाट बघत बसू नकोस. त्याच्याशिवाय कसं निभेल ते बघू.

वजन उतरत होतं तेव्हा दर आठवड्याला तुझ्या पदरात काही ना काही पडत होतं. काटा खाली यायचा, ब्लाऊज आत घ्यायला टाकावे लागायचे, शेजारणी थांबवून विचारायच्या. आता चांगला आठवडा म्हणजे काहीच न घडलेला आठवडा. त्याचं कौतुक कुणाच्या लक्षात येणार? यात तू आळशी झालीस असं कुठेही नाही.

शिवाय शरीर तुझ्या बाजूने नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी 50 स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला, त्यांचं सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं, तर भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलेलंच होतं आणि शरीरातल्या चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन अजून खालीच होतं. भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. 2011 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भर म्हणजे 64 किलोच्या शरीराला 82 किलोच्या शरीराइतकं अन्न लागत नाही. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, अशा कात्रीत तू दोन वर्षं काढलीस. स्वतःला हावरट म्हणणं आधी बंद कर.

"सगळं परत येणार" हेही खरं नाही. साडेतीन किलो आले, साडेचौदा अजून गेलेलेच आहेत. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी साधारण साडेतेरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवून निदान वर्षभर टिकवलं. ही स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं आहेत, तेव्हा त्यांचं सगळं सगळ्यांना लागू होईलच असं नाही. पण त्यातले बहुतेक जण रोज तासाभराचा व्यायाम करतात, मुख्यतः चालतात, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की दोन वर्षं टिकवलं की पुढेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते. तू ती दोन वर्षं पार केलीस.

आता स्वयंपाकघराकडे येते. तू लिहिलेलं नाहीस, पण बायकांच्या पत्रांतून मला हे इतक्यांदा भेटतं की विचारल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून भांडी रिकामी करतेस का? कुकरच्या तळाचा भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, डब्यातून तशीच परत आलेली भाजी, पातेल्याच्या कडेची आमटी. अन्न वाया जाऊ नये ही शिकवण आपल्यात इतकी मुरलेली आहे की ते खाणं आपण जेवणात धरतच नाही. रोजची ही अर्धी पोळी आणि चार घास भात वर्षाकाठी किलो-दोन किलो सहज वाढवतात. हुरूप असताना तू डोळ्यांत तेल घालून हे टाळत असशील. ते जन्मभर कुणाला जमणार? म्हणून सोयच बदल. तांदूळ मोजून घे. जेवायला बसण्याआधीच दोन लहान डबे ओट्यावर काढून ठेव. उठलीस की उरलेलं त्यात आणि डबे फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात घरातला कुणीही खाईल. आणि तू शेवटी जेवणं सोड. सगळ्यांबरोबर ताट वाढून घे, बसून जेव, ताटात आधी उसळ नाहीतर पिठलं, कोशिंबीर, मग पोळी-भात. चिवडा मोठ्या डब्यात भरून ठेवूच नकोस. ह्यांना आणि मुलांना हवा तेव्हा लहान पाकीट आणावं आणि संपवावं.

काट्याचं म्हणशील तर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वजन उतरवलेल्या 314 लोकांपैकी काहींना एक साधी पद्धत शिकवली होती. ठरलेल्या वजनाच्या वर साधारण दीड किलोपर्यंत हिरवा पट्टा, त्यापुढे पिवळा, सव्वादोन किलोच्या आसपास लाल. हिरव्यात स्वतःची पाठ थोपटायची, पिवळ्यात जरा लक्ष द्यायचं, लालमध्ये गेलं की पुन्हा सुरुवातीच्या शिस्तीवर यायचं. जे प्रत्यक्ष भेटून हे शिकले त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी परत आलं. तू असा पट्टा आखून घे, पण 64 ला धरून बसू नकोस. मी 66 वर रेघ मारीन. 82 वरून 66 वर येऊन राहणं ही मोठी गोष्ट आहे. सध्या रोज काट्यावर उभी राहू नकोस, आठवड्यातून एकदा पुरे. पाळीच्या आधी किंवा पापड-लोणचं जास्त झालं की अंगात पाणी धरतं आणि किलो-दीड किलो इकडेतिकडे होतंच.

हुरूप हवाच असेल तर तो अशा गोष्टीतून घे जी अजून वाढू शकते. वजन आता आणखी उतरायला नकोय, पण ताकद वाढायला भरपूर वाव आहे, आणि चाळिशीनंतर स्नायू आपसूक कमी होत जातात म्हणून ती वाढवायलाच हवी. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरू कर. महिन्यातून एकदा मैत्रिणीला घेऊन दंडोबाच्या डोंगरावर जा आणि वर पोचायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेव. तुझ्या मेहनतीची पावती तुला त्या वहीत मिळेल, त्यासाठी गल्लीतल्या कुणी विचारायला नको.

जाऊबाईंना एकटीत गाठून सांग, "वहिनी, माझ्या वजनावर चारचौघांत बोलू नका, मला लागतं." एवढंच. कारणं देत बसू नकोस.

राहिला तो रात्रीचा चिवडा, आणि मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. लपून खाणं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहणं, हे एकमेकांना धरून चालतं. उपाशी दिवसानंतरची रात्र जास्त कठीण जाते. म्हणून चिवडा खाल्लास तरी सकाळी नेहमीच्या वेळेला नेहमीचं जेव. संकष्टी करायची तर श्रद्धेने कर, आदल्या रात्रीचा हिशेब चुकवायला नको. दोनच वेळा जेवणं तुला मानवत होतं हे खरं, पण आता रात्री असं होत असेल तर संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही घेऊन बघ, त्याने काही बिघडत नाही.

आठवड्यातून एकदा तरी असं गेले तीन महिने होत असेल, तर त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत, समुपदेशनाने चांगला फरक पडतो. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तुझ्या वयात थायरॉइड आणि साखर तपासून घ्यायलाच हवी, पाळीत काही बदल झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांग. मिरज तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे, डॉक्टरांची तिथे कमी नाही. याच आठवड्यात वेळ घे. आणि त्याआधी ह्यांना सांग, सगळं, चिवड्यासकट.