एकच आइस्ड लाटे, तीन दुकानं, तीन चवी

थंड कॉफीबद्दल आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार सारखीच आहे: नाव तेच, भावही जवळपास तोच, मग चव इतकी वेगळी कशी?

प्रश्न : आमच्याकडे एकाच रस्त्यावर तीन कॉफी शॉप आहेत. तिन्हीकडे आइस्ड लाटे घेऊन पाहिली. एकीकडची कडक, दुसरीकडची गोडसर आणि तिसरीकडची अगदी पाणचट. तिसरा दुकानदार कॉफी कमी घालतो का? (ठाणे)

घालत असेलही. पण त्याआधी त्याच्या बर्फाकडे आणि दुधाकडे बघा.

साडेतीनशे मिलिलिटरचा ग्लास धरू. त्यात १५० ग्रॅम बर्फ, १५० मिली दूध आणि डबल शॉट एस्प्रेसो, म्हणजे मशीनमध्ये गरम पाण्याच्या दाबाने १८ ग्रॅम पुडीतून उतरलेली ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. एवढ्यात ग्लास काठोकाठ भरतो, पण पिण्याजोगं त्यात १८५ मिलीच असतं. बाकी जागा बर्फाची. एस्प्रेसो ग्लासात पडतो तेव्हा सत्तर अंशांच्या आसपास गरम असतो आणि त्याला थंड करताना बर्फ वितळतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. दूध फ्रिजमधलं, चार अंशांचं असेल तर हिशेबाने ३० ते ३५ ग्रॅम बर्फाचं लगेच पाणी होतं. एवढं पाणी पाककृतीत धरलेलंच असतं.

आता तीच कृती २५ अंशांच्या दुधाने करा. गर्दीच्या वेळी दुधाची पिशवी किंवा जग ओट्यावरच राहतो, तेव्हा हेच होतं. वितळणारा बर्फ ६५ ते ७० ग्रॅमवर जातो, म्हणजे थेट दुप्पट. पुडी तेवढीच, मशीन तेच, तरी कॉफी पाणचट. शिवाय काउंटरवरच्या डब्यात तासभर पडलेला बर्फ ओला असतो. तो आपल्या अंगावरचं पाणी ग्लासात घेऊनच उतरतो. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ कोरडा असतो, हाताला चिकटतो आणि उणे तापमानाला असल्यामुळे थोडा कमी वितळतो. चुरा केलेला बर्फ तर बोलता बोलता पाणी होतो, कारण त्याचा पृष्ठभाग फार मोठा.

एवढं सगळं ठीक असेल, तर मग शॉटचा प्रश्न. सिंगल की डबल, हे ऑर्डर देतानाच विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगला बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, लगेच सांगतो.

दुसऱ्या दुकानातला गोडसरपणा बहुधा दुधातून किंवा सिरपमधून येत असावा. आपल्याकडे फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. जास्त सायीच्या दुधात कडवटपणा दबतो आणि तोंडात गोल, गोडसर चव राहते. काही ठिकाणी मात्र आइस्ड लाटेत न सांगता व्हॅनिला किंवा साखरेचं सिरप घालतात. “सिरप नको” असं सांगून पुन्हा एकदा घेऊन बघा.

प्रश्न : बर्फ कमी घ्यायला सांगितला की कॉफी जास्त मिळते, असं मैत्रीण म्हणते. खरं का? (नाशिक)

दूध जास्त मिळतं. कॉफी तेवढीच राहते. बर्फाच्या मोकळ्या जागेत बरिस्ता पन्नास-साठ मिली दूध वाढवतो आणि चव फिकी होते. काही दुकानांत दूध आखलेल्या रेघेपर्यंतच घालायची शिस्त असते. तिथे ग्लास अर्धवट भरून येतो, चव मात्र नीट राहते. बर्फ कमी आणि चव कडक हवी असेल, तर जादा शॉट मागावा लागेल.

प्रश्न : आम्ही मित्र पैज लावून बसलो आहोत, कोणाची आइस्ड लाटे सरस. न्याय्य तुलना कशी करायची? पार्सल आणून घरी चाखली तर चालेल का? (पुणे)

नेहमीसारखं पार्सल आणलं तर तुलना फुकट जाईल. पहिल्या दुकानातला ग्लास घरी येईपर्यंत वीस मिनिटं वितळलेला असतो आणि शेवटचा पाच. हरतो तो नेहमी आधी घेतलेला.

तीन छोट्या बाटल्या किंवा स्टीलचे डबे घेऊन जा. प्रत्येक ठिकाणी मागा : डबल शॉट, टोन्ड दूध, सिरप नाही, साखर नाही, बर्फ नाही, आणि दूध नेहमीच्याच मापाचं. हे शेवटचं नीट बजावून सांगा, नाहीतर रिकामी जागा दुधाने भरून देतील. बर्फाशिवाय ही कॉफी सोळा-सतरा अंशांवर असते. घरी आणल्यावर तिन्ही डबे तासभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तिन्ही एका तापमानाला येतील. मग सारखे तीन ग्लास घ्या, प्रत्येकात वजनकाट्यावर मोजून १०० ग्रॅम बर्फ आणि हलवून घेतलेली १५० ग्रॅम कॉफी. हलवायला विसरू नका. ठेवून दिल्यावर दूध आणि कॉफी सारखी मिसळलेली राहतातच असं नाही आणि वरचा घोट खालच्यापेक्षा वेगळा लागतो. निम्म्या चुकीच्या निकालांचं मूळ एवढंच असतं.

ग्लासांच्या बुडाशी आकडे चिकटवा. ओतणारा एक आणि चाखणारे वेगळे. पहिला घोट दोन मिनिटांनी, दुसरा बारा मिनिटांनी. या दुसऱ्या घोटातच खरी परीक्षा होते, कारण बर्फ विरघळल्यावर हलक्या भाजलेल्या बियांची कॉफी आणि सिंगल शॉट लगेच उघडे पडतात. मध्ये साधं पाणी प्या. फरसाण, चिवडा समोर नको. मीठ-तिखटाने कडवटपणाची जाणीव बदलते.

“मला फरक कळतो” असं कोणी छातीठोकपणे म्हणत असेल तर त्याला तीन ग्लास द्या, दोन एका दुकानाचे आणि एक दुसऱ्याचा, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगा. डोळे झाकून बोट ठेवलं तरी सरासरी तीन वेळांतून एकदा बरोबर येतं. म्हणून सहा वेळा करा. सहापैकी चार बरोबर आले तरी तो नशिबाचा भाग असू शकतो. पाच आले तर मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी आहे.

या पद्धतीत दुकानाच्या बर्फाची परीक्षा होत नाही, हे लक्षात असू द्या. ती तिथेच बसून करायची. ग्लास आला की गाळणीतून ओतून पातळ भाग आणि बर्फ वेगवेगळे मोजायचे.

प्रश्न : कोल्ड कॉफी, फ्रॅपे, आइस्ड लाटे, कोल्ड ब्रू. एकाची तुलना दुसऱ्याशी होऊ शकते का? (कोल्हापूर)

नाही. आपली ओळखीची कोल्ड कॉफी म्हणजे इन्स्टंट पावडर, साखर, दूध आणि बर्फ मिक्सरमधून फिरवलेला, वर बहुतेकदा आइस्क्रीमचा गोळा. तिचा दाटपणा फेसाचा आणि साखरेचा. फ्रॅपेचा जन्म ग्रीसमध्ये, १९५७ साली थेसालोनिकीच्या व्यापार मेळ्यात झाला. इन्स्टंट कॉफी आणि थंड पाणी हलवून फेस आणायचा, एवढीच ती मूळ कृती. आपल्या कॅफेंत मात्र फ्रॅपे म्हटलं की दूध, बर्फ आणि क्रीम घालून मिक्सरमधून काढलेलं पेय मिळतं. कोल्ड ब्रूमध्ये गरम पाणी लागतच नाही. जाडसर दळलेली पूड १२ ते १८ तास थंड पाण्यात भिजवतात, म्हणून आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही कमी असतात. एका दुकानाची कोल्ड कॉफी आणि दुसऱ्याची आइस्ड लाटे समोरासमोर ठेवणं म्हणजे श्रीखंड आणि लस्सीची तुलना करणं.

प्रश्न : एकाच दुकानात सकाळची आइस्ड लाटे छान आणि संध्याकाळची आंबट. असं का? (रत्नागिरी)

ग्राइंडर. कॉफीची पूड हवेतला दमटपणा ओढून घेते आणि दिवसभरात एस्प्रेसो उतरायचा वेग बदलतो. कोकणात, त्यातही पावसाळ्यात, बरिस्ताला दिवसातून दोन-तीनदा दळण बारीक-जाड करावं लागतं. गर्दीत ते राहून जातं. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवी. पंधरा सेकंदांत उतरली तर आंबट, किंचित खारट लागते. चाळीसच्या वर गेली तर कडू, घशात खरखर राहते. थंड दुधात आंबटपणा जास्तच टोचतो, कारण थंडाव्याने गोडी दबते.

काउंटरपाशी उभं राहून धारेकडे बघा. चांगली धार आधी गडद तपकिरी थेंबांत येते, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि सलग होते आणि शेवटी मधाच्या रंगावर येते. सुरुवातीपासूनच पिवळट आणि धो धो पडत असेल, तर तो शॉट बदलून मागा.

प्रश्न : आइस्ड लाटेत साखर घातली की तळाशी तशीच राहते. (सोलापूर)

थंड दुधात दाणेदार साखर फार हळू विरघळते. साखरेचा पाक मागा. समान वजनाच्या साखर-पाण्याच्या १० मिली पाकात सुमारे ६ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा भरून. घरी करताना पाक गरम एस्प्रेसोत घालून मग बर्फावर ओता.

प्रश्न : मोठा ग्लास घेणं फायद्याचं की लहान? (बेळगाव)

मिलिलिटरवर जाऊ नका, शॉटवर जा. स्टारबक्सच्या अमेरिकेतल्या मापांत आइस्ड लाटेचा टॉल ग्लास साधारण ३५५ मिली आणि एक शॉट, ग्रांदे ४७३ मिली आणि दोन, थंड पेयांचा व्हेंटी ७१० मिली आणि तीन. म्हणजे टॉलवरून ग्रांदेवर गेलात की ग्लास तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि कॉफी दुप्पट होते. ग्रांदेवरून व्हेंटीवर ग्लास आणि कॉफी दोन्ही दीडपट, म्हणजे कडकपणात फरक नाही. इतर दुकानांत याच्या उलटही असतं, मध्यम आणि मोठ्या ग्लासात शॉट तेवढेच आणि दूध-बर्फ वाढवलेलं. तिथे मध्यम ग्लास घ्या. समजा, मध्यम २४० रुपये आणि मोठा २९० रुपये, दोन्हींत दोनच शॉट, तर वरचे पन्नास रुपये दूध आणि बर्फाचे.